उजवा खांदा

वरच्या मजल्यावरची नर्सबाई दारात आली ती एका हाताने लेकीचं बखोट धरून आणि दुसऱ्या हातातली पिशवी पाठीमागे लपवून. थोरली तेव्हा इस्त्री करत होती आणि इस्त्रीच्या तालावर परदेशातल्या भाषेचे धडे म्हणत होती. 'माझं नाव अमुक अमुक. मी लहान मुलांचे कपडे बेतते. मला हे काम चांगलं येतं.' तिसऱ्या वाक्याला तिची जीभ हटकून अडखळायची. मग ती इस्त्री उचलून धरायची, स्वतःलाच एक शिवी हासडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

"हसू नका हं ताई," नर्सबाई म्हणाली. "आणि रागावूही नका."

"आधी काय ते सांगा तरी. मग ठरवते हसायचं का रागवायचं."

पिशवीतून एक फ्रॉक निघाला. निळा, लोकरी, पुढे दोन खिसे. नर्सबाईने स्वतःच्या हाताने शिवलेला. खालच्या मजल्यावर थोरलीसारखी बेतणारी बाई बसलेली असताना हिने असले उद्योग करावेत म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"तुमची निघायची गडबड चाललीय, म्हटलं कशाला त्रास द्या," नर्सबाई सांगत होती. "ऑनलाइन पॅटर्न मिळाला. स्वस्त होता. घरी छापला, कागद जोडले, त्यात लिहिलंय तसंच कापलं, तसंच शिवलं. आणि आता हे बघा काय झालंय."

तिने लेकीला फ्रॉक चढवला. फ्रॉक डाव्या बाजूने छान बसला आणि उजव्या बाजूने वर ओढला गेला. खांद्याला आवळत होता, काखेत काचत होता, आणि घेर एका अंगाने चांगला वर उचललेला. पोरीने हात खाजवत तोंड वाकडं केलं.

"कापताना चुकलं का हो माझं?"

"चुकलंच असणार," थोरली म्हणाली. कारागिराला दुसऱ्याची चूक काढताना जरा बरंच वाटतं, खोटं कशाला बोला. "कागद आणलाय का पॅटर्नचा? दाखवा."

चिकटपट्टीने जोडलेले कागद तिने टेबलावर पसरले, हाताने सपाट केले, आणि आधी तिला खिसा दिसला. खिशाचा खालचा गोल कोपरा. ती गोलाई तिची होती, घरातल्या चहाच्या बशीभोवती पेन्सिल फिरवून काढलेली. बशा काय, जगात सगळ्यांकडे असतात, असं ती मनात म्हणाली. मग तिचं बोट वर सरकलं, गळ्यावरून खांद्यावर आलं, आणि उजव्या खांद्यावर थांबलं.

डावा खांदा वर होता. उजवा अर्धं बोट खाली.

आता हा खांदा कुठून आला ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आई गेली तेव्हा धाकटी लहान होती आणि थोरलीही काही फार मोठी नव्हती. एक दिवस धाकटी जिन्यावरून गडगडत खाली आली आणि तिचं उजव्या खांद्याजवळचं हाड मोडलं. डॉक्टरांनी ते बसवलं, पण ते बसलं वाकडं, आणि खांदा कायमचा खाली आला. शाळेतल्या पोरींनी तिचं नाव पाडलं तराजू. धाकटी रडत घरी यायची आणि दप्तर फेकून म्हणायची, मी उद्यापासून जाणार नाही. थोरली तेव्हा नुकतीच शिवण शिकत होती. तिने धाकटीचा शाळेचा फ्रॉक उसवला आणि पुन्हा बेतला. उजवा खांदा खाली घेतला, आत कापडाची पातळशी गादी घातली, उजवा खिसा किंचित वर लावला. बघणाऱ्याची नजर फसली. धाकटी आरशासमोर उभी राहिली आणि तिला स्वतःचा खांदा सापडेना! तराजू हे नाव पुढच्या वर्षापर्यंत मेलं.

तेव्हापासून धाकटीच्या अंगावर थोरलीच्या हातचं नसलेलं काही चढलंच नाही. आणि थोरलीच्या हाताला जी खोड लागली ती लागली. कोणाचंही माप असो, कागद पुढे आला की पेन्सिल उजव्या खांद्यावर आपोआप खाली घसरायची. शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात ती कटिंग करायची, तिथला मुकादम यावरून डोकं आपटून घ्यायचा. "बाई, अख्ख्या शाळेचे खांदे पडलेत का?" म्हणायचा. मग ती कापडाला कात्री लावण्याआधी शेवटचं काम म्हणून उजवा खांदा वर उचलायची. सवय मोडण्यापेक्षा चूक सुधारणं सोपं, असा तिचा हिशेब.

ऑनलाइन दुकानाची कल्पना धाकटीची. "ताई, फ्रॉक एकदाच विकता येतो. पॅटर्न हजारदा विकता येतो. कापड नको, सुई नको, पोस्ट नको. लोक पैसे भरतात, फाइल उतरवून घेतात आणि घरी छापतात."

"म्हणजे हवा विकायची?"

"हवा नाही गं. तुझी अक्कल."

दुकानाचं नाव ठेवलं 'दोघी'. थोरली कागदावर काढायची, धाकटी ते कागद स्कॅन करून कॉम्प्युटरवर घ्यायची, आणि मग दोघी शेजारी बसून शेवटचं काम करायच्या. थोरली पडद्याला पट्टी लावून बघायची, धाकटीच्या हातात माउस. "उचल. अजून थोडा. अगं इतका नाही, उंट झालाय तो! हां, बस." दरवेळी धाकटी म्हणायची, "दुकानात ठेवायच्या आधी माझा खांदा सरळ करा बाई," आणि दरवेळी दोघी हसायच्या. विनोद शिळा होता, पण घरचा होता.

ठरलं होतं ते असं. दुकानाचे पैसे साठवायचे आणि दोघींनी परदेशी जायचं. धाकटीने तिथे शिकायचं, थोरलीने लहान मुलांच्या कपड्यांच्या एखाद्या कारखान्यात काम धरायचं. धाकटी सांगायची की तिथे हाताने बेतणारी माणसं आता शोधून सापडत नाहीत. तिथल्या एका कारखान्याला थोरलीचा अर्ज पाठवायचं कामही तिनेच अंगावर घेतलं. त्या भरवशावर थोरलीने गणवेशांची नोकरी सोडली आणि दिवसभर नुसते पॅटर्न काढायला बसली. दोन मशिनांपैकी एक विकून टाकलं. घरमालकाला सांगून झालं. दोन कोटांचं राखाडी लोकरी कापड तर कधीच आणून ठेवलं होतं, तिकडे थंडी फार म्हणून. आणि रोज जेवणानंतर धाकटी तिचा भाषेचा धडा घ्यायची. धाकटी शिकवायलाही बरी होती. रागवायची नाही.

गेले काही आठवडे दुकान बंद होतं. "दुरुस्ती चाललीय," धाकटी म्हणाली होती. "नवीन रूप देऊन उघडू." थंडीच्या कपड्यांच्या नव्या पॅटर्नचा सेट त्यासाठीच काढून तयार होता. दुकान उघडायचं ठरलं की बसून त्याचे खांदे सरळ करायचे, एवढंच राहिलं होतं.

आणि तो निळा फ्रॉक त्याच थंडीच्या सेटमधला होता.

"ताई?" नर्सबाई म्हणाली. "बरं नाही का वाटत? बसा बघू आधी."

"मी बरी आहे. तुमची कापायची चूक नाही, नर्सबाई. पॅटर्नच तसा आहे."

"बघा! मला वाटलंच. मी तिथे चांगली खरमरीत तक्रार लिहिणार आहे. लोकांना फसवतात म्हणजे काय?"

"लिहा," थोरली म्हणाली. "फ्रॉक ठेवून जा. मी नीट करून देते."

ती गेल्यावर थोरलीने इस्त्रीचा प्लग काढला आणि खुर्चीत बसून राहिली. पहिल्यांदा तिने मनातल्या मनात चोर शोधला. तो बाहेरचाच असावा म्हणून तिने किती आटापिटा केला! कोणीतरी दुकानात शिरलं असेल, फाइली पळवल्या असतील, आजकाल काय वाट्टेल ते होतं. पण दुकानातून चोरणाऱ्याला सरळ खांद्याचे पॅटर्न मिळाले असते. हा सेट दुकानात कधी गेलाच नव्हता. पडलेल्या खांद्याचे कागद या घराच्या बाहेर कोणी पाहिले नव्हते, आणि या घरात माणसं होती दोन. त्यातली एक ती स्वतः.

आणि खांदे पडलेलेच का राहिले, तेही तिला कळलं. ते काम दोघींनी बसून करायचं होतं. थोरलीला पट्टी घेऊन शेजारी बसवल्याशिवाय धाकटीला ते जमत नव्हतं. आणि या वेळी थोरलीला शेजारी बसवता येत नव्हतं.

धाकटी संध्याकाळी आली. हातात भाजी, कानात गाणं. टेबलावरचे कागद तिने पाहिले आणि कानातला इअरफोन काढला.

"नर्सबाईंनी विकत घेतला," थोरली म्हणाली. "ऑनलाइन. दुसऱ्याच कोणाच्या दुकानातून."

धाकटीची नजर कागदांवरून हलेना. थोरलीला तिची दया आली. हो, दयाच आली, लहानपणापासूनची खोड ती. कागदावरचीच नाही, मनातलीही. ती म्हणाली, "चोरलं असेल ना गं कोणी? तू म्हण चोरलं म्हणून. मी मानीन."

"चोरलंच असेल," धाकटी पटकन म्हणाली. "होतं असं हल्ली. मी बघते, तक्रार करते."

थोरलीने डोळे मिटले. आपणच पुढे केलेलं खोटं पोरीने इतक्या चटकन उचलावं, याचं तिला फार लागलं.

"बोट ठेव इथे," ती म्हणाली. "ठेव ना. कोणाचा आहे हा खांदा?"

धाकटीने बोट ठेवलं नाही. भाजीची पिशवी तिने ओट्यावर ठेवली, ती घसरून पडली, आणि ती उचलायला कोणीच वाकलं नाही.

"मी दुकान विकलं, ताई."

"कोणाला?"

"एका कंपनीला. सगळेच पॅटर्न मागत होते, झालेले, न झालेले, सगळे. एकदम पैसे दिले. आपण अशा एकेक फाइली विकत बसलो असतो तर म्हाताऱ्या झालो असतो. व्हिसाला खात्यात जेवढे दाखवायला लागतात तेवढे त्यात होतात."

"मग चांगलंच झालं की. मला सांगायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं?"

"एकीचे होतात."

बाहेर कोणाचं तरी दार आपटलं. थोरलीला आधी नीट समजलंच नाही. ती मनात दोघींचे पैसे मोजत होती आणि ते तिला जुळत नव्हते.

"आणि माझा अर्ज? त्या कारखान्याचं उत्तर यायचं होतं ना?"

"मी पाठवलाच नाही." धाकटी आता रडायला लागली होती. "तुझं वय बघ ना, ताई. एवढ्या वयाच्या माणसांना घेत नाहीत, त्यांनी नियमात लिहिलंय. मला पहिल्यांदा माहीत नव्हतं, खरंच नव्हतं. नंतर कळलं. तुला कसं सांगणार होते मी? तू नोकरी सोडून बसली होतीस."

"कळलं तेव्हा सांगायचंस. मी परत गेले असते गणवेश कापायला. काय बिघडलं असतं?"

"तू पॅटर्न काढायची थांबली असतीस."

हे मात्र खरं बोलली. इतकं खरं की बोलून झाल्यावर तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला.

 पैसे गेले याचं थोरलीला वाईट वाटलं, दुकान गेलं याचंही वाटलं, पण जे खोल रुतलं ते वेगळंच होतं. "काल रात्री जेवल्यावर," ती म्हणाली, "तू मला ते तिसरं वाक्य पंधरा वेळा म्हणायला लावलंस. 'मला हे काम चांगलं येतं.' माझी जीभ वळेना तर तू म्हणालीस, घाई नाही, तिथे पोचेपर्यंत येईल. कुठे पोचेपर्यंत गं?"

"तू खूश असायचीस तेव्हा," धाकटी म्हणाली.

केसाने गळा कापला म्हणतात, तो असा. कापणाऱ्याच्या हातात शस्त्र दिसत नाही आणि रडूही त्यालाच येतं.

"मी तिथे गेले की तुला बोलावून घेईन," धाकटी हुंदके देत म्हणाली. "एकदा माझं बस्तान बसू दे. शपथ घेते."

"शपथा राहू देत. मी आता नवीन पॅटर्न काढून विकू शकते का, ते सांग."

धाकटीने नकारार्थी मान हलवली. कंपनीच्या करारात होतं, त्या धाटणीचं काही 'दोघी'कडून पुन्हा विकायचं नाही. सही तिची होती. थोरलीने सगळे व्यवहार तिच्यावर सोपवले होते. कोणी विचारलं असतं तर म्हणाली असती, बहीण आहे माझी, तिच्यावर नाही तर कोणावर विश्वास ठेवू?

पुढचे दिवस त्या दोन खोल्यांत एकमेकींना वळसा घालत गेले. भांडण झालं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला जाऊन सांगणार? थोरली गणवेशांच्या कारखान्यात जाऊन आली. मुकादमाने तिला परत घेतलं, पण कटिंगच्या टेबलावर आता दुसरी बाई होती. हिला काज-बटणांवर बसवलं. "रिकामं झालं की बघू," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात दया होती, जी तिला मुळीच नको होती. घरी आली की ती हातपाय धुऊन जेवायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. धडा कोणी काढला नाही.

नर्सबाईच्या लेकीचा फ्रॉक तिने उसवून सरळ करून दिला. पोरगी दोन्ही हात वर करून जिन्यात नाचली.

एका सुट्टीच्या दिवशी तिने कपाटातून राखाडी कापड काढलं आणि टेबलावर टाकलं. धाकटी बॅग भरत होती, ती थबकली.

"ताई, राहू दे गं. कोट मी तिथे घेईन."

"कापड तिकडच्या थंडीसाठीच आणलंय. मी एवढं कापड घेऊन काय करू? ये इकडे, माप दे."

माप घेताना दोघी खूप दिवसांनी एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या. थोरलीने छाती, कंबर, बाही, उंची घेतली. खांद्यांचं माप तिने घेतलं नाही. ते तिला पाठ होतं, आणि धाकटीलाही ते ठाऊक होतं. धाकटीचे डोळे भरून आले. तिला वाटलं, बर्फ वितळला. धाकटी एकटीच निघालीय हे एव्हाना इमारतीत सगळ्यांना कळलं होतं; वरची नर्सबाईसुद्धा जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, तुमचं मन फार मोठं हो. मी असते तर कापडाची फडकी केली असती."

"कापडाने काय केलंय?" थोरली म्हणाली.

कोट तिने जीव ओतून शिवला. तिला वाईट शिवता येतच नव्हतं, तो तिचा नाइलाज होता. अस्तर गुळगुळीत, काज हातांनी केलेले, कॉलर अशी की मानेला वाऱ्याचा पत्ता लागायचा नाही. कागदावर पॅटर्न काढताना पेन्सिल नेहमीप्रमाणे उजव्या खांद्यावर खाली घसरली. थोरली थांबली.  तिने खोडरबर घेतला, रेघ पुसली आणि पट्टी लावून पुन्हा ओढली. या वेळी "उचल, अजून थोडा" असं म्हणायला शेजारी कोणी नव्हतं. एकटीने केलं, आणि जमलं.

निघायच्या दिवशी गाडी खाली येऊन उभी राहिली. बॅगा जिन्यात गेल्या. धाकटीने कोट घातला, सगळी बटणं लावली आणि आरशासमोर गेली.

डावीकडे कोट एखाद्या श्रीमंत बाईच्या अंगावर बसावा तसा बसला होता. उजवीकडे कापड खांद्यावरून निसटून काखेपर्यंत सुरकुतलं होतं, कॉलर मानेपासून सुटली होती, खालची कड एका बाजूला लोंबत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा धाकटीला आरशात स्वतःचा खांदा दिसला.  तिने एकदा हाताने कापड वर ओढलं. सोडल्यावर ते पुन्हा खाली आलं.

"ताई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज शाळेतून रडत येणाऱ्या पोरीचा झाला. "हे उजवीकडे... तू विसरलीस का?"

"कोट बरोबर आहे. दोन्ही खांदे सारखे बेतलेत. सगळ्या जगासाठी असेच बेततात. तिकडे दुकानात घेशील तेही असेच मिळतील."

"तू मुद्दाम केलंस."

"मुद्दाम तर मी इतकी वर्षं करत होते," थोरली म्हणाली. "या वेळी केलं नाही, एवढंच."

खालून गाडीवाल्याने हॉर्न दिला. धाकटी कोट काढेल असं थोरलीला वाटलं होतं. पण तिने तो काढला नाही. छोटी बॅग उचलून तिने उजव्या खांद्यावर घेतली, ती घसरली, मग तिने ती डाव्यावर घेतली आणि जिना उतरायला लागली.